साडेचारशे

चारसोबीस माणूस कसा असतो, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. २०२४च्या जुलैत भारतीय दंडसंहिता गेली, तिच्याबरोबर ४२० कलमही गेलं आणि फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात जाऊन बसली. तरी अजून कोणी कोणाला ‘तीनशेअठरा आहे लेकाचा’ म्हणत नाही. आकडा एकदा माणसाला चिकटला की संसदेलाही तो खरवडून काढता येत नाही.

आमच्या कारखान्यात असाच एक आकडा एका माणसाला चिकटला होता. तोंडावर अण्णा, पाठीमागं साडेचारशे. फसवणुकीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. उलट, जगातला प्रत्येक जण आपल्याला फसवायलाच निघालाय आणि त्याला दुसऱ्यांदा यायला लावलं की तो कंटाळून वाट बदलतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली आमची फौंड्री. माल जर्मनीला जायचा आणि मी एक्स्पोर्टचे कागद रंगवायचो. अण्णा मूळचे वायरमन. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मालक म्हणाले, “विजेवरच चालतंय न्हवं? मग तूच बघ.” अण्णांनी बघितलं. जाडजूड पुस्तकं आणून, रात्री जागून ते लिनक्स शिकले आणि स्टोअरशेजारच्या खोलीत त्यांनी कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. मालकांची केबिन सोडली तर एसी असलेली ती एकच खोली. त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांचेच मेल अडकायचे.

पण त्या खोलीत पहिल्या खेपेला कोणालाच प्रवेश नसे. दार वीतभर उघडायचं, फटीतून अण्णांचा चष्मा दिसायचा.

“काय?”

“अण्णा, पासवर्ड विसरलो.”

“जरा वेळानं या.”

दार बंद. निम्म्या लोकांना जागेवर पोचेपर्यंत आपला पासवर्ड आठवायचा. उरलेल्यांपैकी निम्म्यांना शेजाऱ्याचा आठवायचा. जे खरोखर अडलेले असत तेवढेच परत येत, आणि त्यांचं काम अण्णा विनातक्रार करून देत. “बघ,” ते मला म्हणायचे, “धा जणांचं काम दोघांवर आलं. वेळ म्हंजे चाळण हाय, मर्दा.”

फोनचंही तसंच. पहिला फोन कापायचा. “कामाचा असंल तर करतोय की परत.” चहाचंही तसंच. कँटीनचा पोऱ्या विचारायचा, “अण्णा, चहा?” अण्णा म्हणायचे, “नको.” पोऱ्या सगळ्या ऑफिसात फिरून परत यायचा, “अण्णा, चहा?” मग “बरं, ओत.” एकदा पोऱ्यानं हुशारी केली. फेरी वाचवायला एका दमात म्हणाला, “अण्णा चहा, अण्णा चहा?” अण्णा उखडले. “दोनी एकदम न्हाई चालत. मधी वेळ जाऊ दे.” त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही; पण तत्त्व राहिलं.

अशा माणसाच्या राज्यात स्पॅमचा पूर आला, ही २००६ सालची गोष्ट. त्याआधी दोन वर्षं, २००४च्या जानेवारीत, बिल गेट्स दावोसला म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. ती बातमी अण्णांनी कापून दारावर चिकटवली होती. मुदत संपली, कागद पिवळा पडला आणि स्पॅम वाढतच गेला. सकाळी मेल उघडला की मर्दानगीच्या गोळ्या, स्वस्तातली परदेशी घड्याळं, आफ्रिकेतल्या कुठल्याशा दिवंगत मंत्र्याची बेवारस संपत्ती. या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी आमची ऑर्डर. डिस्पॅचच्या पोरानं ब्रिटनची लॉटरी लागली म्हणून पेढे वाटले. तिकीट कधी काढलं होतं, हे विचारेपर्यंत पेढे संपले होते. पॅटर्न शॉपचे फोरमन साठीकडे झुकलेले, गळ्यात तुळशीची माळ, वारी न चुकवणारे. ते एका संध्याकाळी अण्णांच्या दाराशी आले, घुटमळले, अण्णांनी सांगितल्यावर गेले, अर्ध्या तासानं परत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “ह्या बाईला माझं नाव कुणी सांगितलं?”

अण्णांनी आधी सरळ उपाय करून पाहिला. मजकूर वाचून ठरावीक शब्द दिसले की मेल अडवणारी चाळणी बसवली. तिसऱ्याच दिवशी जर्मन ग्राहकाचं तातडीचं पत्र गायब. शोधलं तर चाळणीत सापडलं. त्यानं आमच्या कास्टिंगचा हार्डनेस रिपोर्ट मागितला होता. आता हार्डनेसची हमी गोळीवालेही देत होते आणि आम्हीही. यंत्रानं ओळखायचं कसं? फौंड्रीचा धंदा आणि तो धंदा यांची परिभाषा इतकी जुळेल, असं कोणालाच वाटलं नव्हतं.

“म्हंजे पत्र वाचून उपयोग न्हाई,” अण्णा म्हणाले. “पोस्टमन बघाय पायजे.” आठवडाभर ते खोलीबाहेर पडले नाहीत. बाहेर आले ते चेहऱ्यावर तेज घेऊन. त्यांना ग्रेलिस्टिंग सापडलं होतं.

ही युक्ती इव्हान हॅरिस नावाच्या माणसानं २००३ साली मांडली. काळ्या यादीतला माणूस दारातून हाकलायचा, पांढऱ्या यादीतला आत घ्यायचा. पण ज्याची काहीच माहिती नाही त्याचं काय? त्याला करड्या यादीत टाकायचा. मेल घेऊन एखादं यंत्र दाराशी आलं की तीन गोष्टी टिपायच्या: कुठल्या यंत्राकडून आला, कोणाच्या नावानं आला आणि कोणाला भेटायला आला. ही तिन्ही एकत्र पूर्वी कधी दिसली नसतील, तर मजकूर घ्यायचाच नाही. फक्त म्हणायचं, ४५०, आत्ता जमणार नाही, थोड्या वेळानं या.

यातली मेख जुन्या नियमात होती. मेलची देवाणघेवाण कशी करायची याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून ठेवले. दोन यंत्रं आपसांत आकड्यांत बोलतात. दोननं सुरू होणारा आकडा म्हणजे होकार, पाचनं सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार आणि चारनं सुरू होणारा म्हणजे आजची अडचण, पुन्हा प्रयत्न करा. चाराचा आकडा ऐकला की खानदानी सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि थोड्या वेळानं पुन्हा दार वाजवतो. निदान चार-पाच दिवस तरी नाद सोडू नये, असं आजचा नियमही सांगतो. स्पॅमवाल्याला एवढी फुरसत कुठली? त्याचा प्रोग्रॅम कुठल्यातरी परक्याच्या, व्हायरसनं पछाडलेल्या कॉम्प्युटरवर चालतो. तो म्हणजे हँडबिलं उधळत जाणारी रिक्षा. तुमच्या हातात हँडबिल पडलं नाही म्हणून रिक्षा काही मागं वळत नाही.

“अरं, हे तर मी जन्मभर करत आलोय,” अण्णा मला सांगताना अक्षरशः थरथरत होते. “त्या हॅरिसनं नुसतं नाव दिलंय बघ.”

आयुष्यभर ज्या खोडीवरून माणूस बोलणी खातो, तीच खोडी अमेरिकेतल्या कोणीतरी शास्त्र म्हणून मांडलेली सापडावी, याहून मोठा सत्कार काय असणार?

शनिवारी रात्री कारखान्यात फक्त भट्टीची पाळी होती. अण्णांनी मला थांबवून घेतलं, साक्षीदार म्हणून. आमचा सर्व्हर पोस्टफिक्सवर चालायचा आणि त्याच्या जोडीला पोस्टग्रे नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळत होता. तो बसवायला दहा मिनिटं लागली. मग पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलीत एकच ओळ घालायची: पाहुणा आला की आधी १००२३ नंबरच्या खिडकीवर चौकशी करून ये. ही ओळ कुठं घालायची याला महत्त्व. जे पत्र आपल्या घरच्या कोणाचंच नाही, त्याला आधीच कायमचा नकार द्यायचा. उगीच शेजारच्या बंगल्यातल्या पाहुण्यांना ‘जरा वेळानं या’ म्हणत बसायचं नाही. अण्णांनी ओळीची जागा दोनदा तपासली. हॅरिसनं मुळात तासभर थांबवायला सांगितलं होतं. पोस्टग्रेत ठरलेला वेळ ३०० सेकंदांचा. “पाच मिनिटं बास की,” अण्णा म्हणाले. “आपण काय दुष्ट न्हाई.”

भडंगाचा पुडा मध्ये ठेवून आम्ही पडद्यासमोर बसलो. नोंदी वर सरकू लागल्या. एक आला, ४५०. दुसरा आला, ४५०. गोळीवाला, घड्याळवाला, मंत्र्याची विधवा. सगळ्यांना साडेचारशे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी मागं फिरकेना. अण्णा प्रत्येक नोंदीला हळूच म्हणायचे, “गेला.” साधारण अर्ध्या तासानं मात्र एक ओळखीचं नाव दिसलं. जर्मन ग्राहकाचा सर्व्हर, तेच पत्र घेऊन, मुकाट्यानं दुसऱ्यांदा दाराशी. पडद्यावर उमटलं २५०. अण्णा खुर्चीतून उठले. “आला! बघ, खानदानी माणूस परत येतोयच.” लांबच्या गावाहून मुलगा परतल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

सोमवारी सकाळी ऑफिसात शांतता. लोक कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करत होते. डिस्पॅचचा पोरगा विचारायला आला, “अण्णा, नेट बंद हाय काय? कायच आलं न्हाई.” रोज ढिगानं पत्रं येणाऱ्या माणसाला एकदम चारच आली की आपली पत घसरल्यासारखं वाटतं. फोरमन मोकळे झाले, पण दोन-तीन दिवसांनी जेवताना सहज म्हणाले, “ती बाई आता लिहित न्हाई.” त्यात नुसतीच सुटका होती, असं मी शपथेवर सांगणार नाही.

याच आठवड्यात अण्णांना नाव पडलं आणि आमच्या ऑफिसला तीन आकड्यांची भाषा मिळाली. काम झालं की अडीचशे. साफ नकार म्हणजे साडेपाचशे. आणि साडेचारशे म्हणजे अण्णा. मी पगारवाढ मागायला गेलो तर मालक म्हणाले, “दिवाळीनंतर बघू.” बाहेर येताच पोऱ्यानं विचारलं, “किती?” मी म्हणालो, “साडेचारशे.” त्याला वाटलं तेवढे रुपये वाढले. त्यानं चहा मागितला.

दारावर परीक्षा ठेवली की परीक्षकालाही त्रास होतोच. एकदा न्हावाशेव्याच्या नव्या एजंटानं बिल ऑफ लेडिंगचा मसुदा पाठवला. दुपारपर्यंत दुरुस्ती कळवली नाही तर कंटेनर पुढच्या जहाजावर. मालक माझ्या पाठीशी उभे.

“आला का?”

“येतोय.”

“कुठनं येतोय, पायी?”

एजंट मुंबईहून ओरडत होता की मी केव्हाच पाठवलाय. आमचं दार त्याला म्हणालं होतं पाच मिनिटांनी ये. पण पाच मिनिटांनी यायचं की पन्नास, हे येणाऱ्याचा सर्व्हर ठरवतो. त्याचा सर्व्हर आरामात पाऊण तासानं आला. कंटेनर वाचला, माझे केस मात्र त्या पाऊण तासात पिकले.

दुसरी पंचाईत मोठ्या, फुकट मेल देणाऱ्या कंपन्यांची. त्यांच्याकडं यंत्रांची फौज. पहिल्या खेपेला थोरला यायचा, त्याला परत पाठवला की दुसऱ्या खेपेला मधला, मग धाकटा. दरवेळी नवं तोंड, म्हणून दरवेळी ४५०. पाव्हणे एकाच घरचे, पण दाराशी सगळे अनोळखी. यावर तोडगा असा की यंत्राचा पूर्ण पत्ता बघायचा नाही, पहिले तीनच भाग जुळवायचे. “माणूस न्हाई, आळी वळखायची,” असं अण्णांनी त्याचं कोल्हापुरी केलं. तरीही काही उरायचे. त्यांच्यासाठी एक पांढरी यादी होती. तिच्यात नाव घातलं की त्याला चौकशी नाही. शिवाय कुठलंही यंत्र पाच वेळा नीट येऊन गेलं की पोस्टग्रे त्याला आपणहून गेटपास देई आणि पस्तीस दिवस ते फिरकलंच नाही तर नाव पुसून टाकी.

हा नियम अण्णांनी घरीही लावला असावा. त्यांचे मेव्हणे वर्षातून एकदा, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला यायचे आणि दरवर्षी त्यांना बेल दोनदा वाजवावी लागायची. पुढं ओटीपीचा जमाना आला. बँकेचा आकडा दहा मिनिटं जिवंत आणि आमच्या दारात तो पंधराव्या मिनिटाला पोचायचा, मयताच्या दाखल्यासारखा. मालकांनी तीनदा नवा ओटीपी मागवला. तिन्ही एकदम आले, तिन्ही मेलेले. मालक खोलीच्या दाराशी गेले आणि कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदाच ते दार पहिल्या खेपेला पूर्ण उघडलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं. एक गोष्ट नेता आली नाही.

अण्णांच्या लेकीसाठी इचलकरंजीकडचं एक स्थळ चालून आलं. पोरगं शिकलेलं, माणसं सरळ. मुलाच्या वडिलांनी एका रविवारी सकाळी स्वतः फोन केला. नंबर अनोळखी. अण्णांनी सवयीनं कापला आणि दुसरा फोन येण्याची वाट बघत बसले. तो आला नाही. नंबर कोणाचा होता, हे मध्यस्थानं संध्याकाळी सांगितलं; तरी अण्णा म्हणाले, “करतील की परत.” चार दिवस त्यांनी वाट बघितली. नियमात तेवढेच होते. पाचव्या दिवशी, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी आपणहून कोणाला तरी फोन लावला. तिकडून उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला. मुलाचे वडील अदबीनं म्हणाले, “आमचं ठरलं दुसरीकडं. तुमाला गडबड न्हाई असं वाटलं.”

दुपारी कँटीनमध्ये मी विचारलं, “काय झालं अण्णा?”

“साडेपाचशे,” ते म्हणाले, आणि समोर आलेला चहा पहिल्यांदा विचारल्यावरच घेतला.

गंमत अशी की त्याच महिन्यात कारखान्याच्या गेटवर एक विमा एजंट येऊ लागला. अण्णांनी त्याला परत पाठवला. तो दुसऱ्या दिवशी आला. पुन्हा पाठवला. आठवड्यानं आला. एजंटाच्या धंद्यात नकाराचा अर्थच मुळी ‘थोड्या वेळानं या’ असा असतो. पाचव्या खेपेला तो हसत म्हणाला, “अण्णा, यिऊ न्हवं?” त्यांच्याच नियमानं त्याला गेटपास मिळाला. अण्णांनी तीन पॉलिसी घेतल्या. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, “त्यानं नियम पाळला. करणार काय?”

तेव्हा मला त्या यंत्रणेचं मर्म कळलं, आणि मला वाटतं त्यांनाही. ‘थोड्या वेळानं या’ म्हटल्यावर परत येतात ती दोनच जातीची माणसं: अडलेली आणि कोडगी. सज्जनाला एकदा दार बंद दिसलं की तो ते आपल्यासाठी बंद आहे असं समजून निघून जातो. मेलच्या सर्व्हरला मानापमान नसतो, म्हणून ही युक्ती यंत्रांत चालते. पुढं पुढं तर स्पॅमवालेही शहाणे झाले. नीट सर्व्हर मांडून, रांगेत पत्रं ठेवून, सांगितल्या वेळी परत येऊ लागले. अण्णा नोंदी बघत म्हणायचे, “ह्यो बी आला परत.” आवाजात राग नसायचा. विश्वास उडाल्यासारखं काहीतरी असायचं.

अण्णा निवृत्त झाले. मालकांच्या मुलानं सगळा मेल भाड्याच्या क्लाउडवर हलवला. तिथं दारावर कोण बसतं ते आम्हाला माहीत नाही. जुना सर्व्हर भंगारात देण्याआधी मला बोलावलं गेलं. कारण त्याचा पासवर्ड माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो. अण्णांच्या दारातून परत फिरताना शेजाऱ्याचा पासवर्ड आठवण्याची कला शेवटी कामाला आली.

मी ती पांढरी यादी उघडली. अशा फायलीत ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की ती ओळ यंत्र वाचत नाही. ती माणसानं माणसासाठी लिहिलेली टीप असते. अण्णांनी प्रत्येक नावाच्या डोक्यावर अशी एक टीप लिहून ठेवली होती.

जर्मन ग्राहकाच्या नावावर: ‘सज्जन. पन थांबत न्हाईत.’

बँकेवर: ‘ओटीपी. इलाज न्हाई.’

मालकांच्या परदेशातल्या कन्येच्या सर्व्हरवर: ‘इचारू नये.’

लग्न जुळवणाऱ्या एका संस्थेवर: ‘पोरीसाठी. पैल्या फटक्यात आत.’ लेकीचं लग्न त्यानंतर वर्षभरात झालं, आम्ही सगळे जेवून आलो होतो.

शेवटचं नाव विमा कंपनीचं होतं. त्यावर एकच शब्द: ‘हरलो.’